सोने सरल्यावर चढलेला कळस : बेंडिगोच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलचे वारसामूल्य

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे १५० किलोमीटर अंतरावर वसलेल्या बेंडिगो या शहराची ओळख जगाला सोन्यामुळे झाली. त्या शहराच्या क्षितिजावर मात्र आज सर्वांत उंच दिसते ते सेक्रेड हार्ट कॅथेड्रल, म्हणजेच येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेले रोमन कॅथलिक पंथाचे मुख्य चर्च. कॅथेड्रल म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचे, अर्थात बिशपचे, आसन ज्या चर्चमध्ये असते ते चर्च. आणि अशी वास्तू एखाद्या राजधानीत नव्हे, तर तंबूंच्या वसाहतीतून वाढलेल्या खाणीच्या गावात ८६ मीटरांहून अधिक उंचीचा मनोरा घेऊन उभी राहते, तेव्हा तिचा इतिहास केवळ वास्तुशैलीच्या अंगाने सांगून भागत नाही. या चर्चचे बांधकाम १८९६ च्या सुमारास सुरू झाले, १९०८ मध्ये थांबले, १९५४ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९७७ मध्ये पूर्णत्वास गेले. शैली मध्ययुगीन युरोपची, पैसा सुवर्णयुगाच्या कमाईतून उभा राहिलेला आणि शिखर मात्र मानवाने चंद्रावर पाऊल ठेवल्यानंतरच्या काळातले, अशी ही वास्तू आहे. तिचे वारसामूल्य ठरवताना अनेकदा १८९६ हे साल पुढे केले जाते आणि १९७७ ओझरते उल्लेखले जाते. वस्तुतः या चर्चचे महत्त्व त्या दोन सालांमधील अंतरातच साठलेले आहे, आणि ते अंतर समजून घेण्यासाठी सोन्याच्या पहिल्या वर्षांपर्यंत मागे जावे लागते.

व्हिक्टोरिया ही वसाहत १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि त्याच वर्षी तिच्या भूमीत सोने सापडल्याच्या वार्ता एकामागून एक येऊ लागल्या. बेंडिगो क्रीक या ओढ्याच्या काठी वर्षअखेरीस सोने सापडले. त्याचे पहिले श्रेय कोणाचे यावर पुढे बराच वाद झाला, तरी मेंढपाळीच्या वस्तीवर राहणाऱ्या मार्गारेट केनेडी आणि तिच्यासोबतच्या एका स्त्रीचे नाव त्यात नेहमी घेतले जाते. हा सारा प्रदेश जा जा वुरुंग या आदिवासी लोकांचा होता. मेंढपाळांनी त्यांची कुरणे आणि पाणवठे आधीच बळकावले होते. सोन्याच्या लोंढ्याने उरलेसुरले ओढेही खणून काढले आणि गाळाने भरून टाकले. जगभरातून नशीब काढायला आलेले हजारो लोक १८५२ च्या पावसाळ्यात ओढ्याच्या दोन्ही अंगांना तंबू ठोकून बसले होते. आयर्लंडच्या महादुष्काळातून निसटलेले शेतकरी, कॉर्नवॉलचे मुरलेले खाणकामगार, जर्मन कारागीर, दक्षिण चीनमधील खेड्यांतून आलेले तरुण असे नाना मुलखांचे लोक त्यांत होते. प्रारंभीचे सोने गाळात मिळत असे. पाटीत माती घेऊन ती पाण्यात हेलकावायची, हलकी माती वाहून जाऊ द्यायची आणि तळाशी राहिलेले जड कण वेचायचे, ही सर्वांत सोपी रीत होती. बेंडिगोची चिकणमाती मात्र इतकी चिवट होती, की ती फोडण्यासाठी गोलाकार चरात घोड्याकडून दंताळे फिरवून चिखल घुसळणारे यंत्र वापरात आले आणि त्या यंत्रांच्या चिखलाने ओढा व रस्ते दोन्ही तुंबू लागले.

या वस्तीत कायदा पोहोचला तो परवान्याच्या रूपाने. सोने सापडो वा न सापडो, खणणाऱ्या प्रत्येकाने दरमहा ३० शिलिंग भरून परवाना घ्यावा, असा सरकारचा हुकूम होता आणि तो जवळ न बाळगणाऱ्याची पोलीस धरपकड करीत. १८५३ मध्ये बेंडिगोच्या खाणकामगारांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. कापडावर चिकटवलेल्या कागदांचा सुमारे १३ मीटर लांबीचा आणि ५,००० हून अधिक सह्यांचा तो अर्ज आजही मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात जपलेला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हजारोंनी टोपीला लाल फिती लावून १० शिलिंगांपेक्षा अधिक शुल्क न भरण्याचा निर्धार केला. बेंडिगोत रक्त सांडले नाही. ते पुढच्या वर्षी बॅलरॅटच्या युरेका येथील तटबंदीवर सांडले, आणि १८५५ मध्ये मासिक परवान्याची जागा वर्षाला १ पौंड शुल्काच्या खाणकामगार-हक्काने घेतली. चर्चच्या इतिहासात हा तपशील अनाठायी वाटण्याचे कारण नाही. ज्या समाजाने पुढे कॅथेड्रल बांधले, तो समाज अर्ज लिहिणारा, सभा भरवणारा आणि पै-पैचा हिशेब मागणारा होता; कोणा राजाच्या किंवा जमीनदाराच्या देणगीवर जगण्याची सवय त्याला नव्हती.

या तंबूंमध्ये १८५२ साली डॉ. जॉर्ज हेन्री बॅकहाउस नावाचे कॅथलिक धर्मगुरू येऊन दाखल झाले. त्यांचा जन्म १८११ मध्ये प्रशियातील पाडरबॉर्न येथे झाला. रोमच्या प्रोपगंडा महाविद्यालयात, म्हणजे दूरदेशी जाणारे धर्मप्रसारक घडवणाऱ्या संस्थेत, त्यांचे शिक्षण झाले आणि धर्मशास्त्रातील डॉक्टर ही पदवी घेऊन ते हिंदुस्थानात, कलकत्त्याला आले. बंगालमधील काही वर्षांच्या सेवेनंतर प्रकृतीच्या कारणाने त्यांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. सिडनी आणि अ‍ॅडलेड येथे काम केल्यावर ते सोन्याच्या मागे निघालेल्या आपल्या भाविकांबरोबर व्हिक्टोरियात उतरले. बेंडिगोच्या सुवर्णक्षेत्रावर कायमचे बस्तान बसवणारे ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. त्यांचे पहिले चर्च म्हणजे एक तंबू होता, आणि त्यात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होत असे. उपासकांत आयरिश लोकांचा भरणा होता आणि धर्मगुरू जर्मन होते. आपल्या चर्चला बॅकहाउस यांनी नाव दिले ते संत किलियन यांचे. किलियन हे सातव्या शतकातील आयरिश संन्यासी, ज्यांनी जर्मनीतील व्युर्त्सबुर्गच्या प्रदेशात धर्मप्रसार केला. आयरिश भक्त आणि जर्मन पुरोहित दोघांनाही आपला वाटेल असा हा संत निवडण्यामागे जी सूक्ष्म समज होती, तीच बॅकहाउस यांच्या पुढच्या सगळ्या व्यवहारात दिसते.

बॅकहाउस यांना एक गोष्ट बहुतेक खाणकामगारांच्या आधी उमगली : सोने खणणाऱ्याच्या हाती टिकत नाही, ते जमिनीत गुंतवले तरच टिकते. तंबूंचे रस्ते आणि रस्त्यांचे शहर होऊ लागले, तसतसे त्यांनी मोक्याचे भूखंड विकत घेतले, काही भाड्याने दिले, काही इमारत बांधण्याच्या अटीवर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. धर्मगुरूने एवढा व्यवहार पाहावा हे सर्वांनाच रुचण्यासारखे नव्हते. पण त्यांच्या मृत्युपत्राने या साऱ्या धडपडीचा अर्थ उलगडला. ७ सप्टेंबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांनी आपली मालमत्ता चर्चच्या कार्यासाठी ठेवल्याचे स्पष्ट झाले. ती काही एकरकमी देणगी नव्हती. शहर वाढेल तसे भाडे वाढणार, भाडे साठेल तसा निधी वाढणार, आणि योग्य वेळी त्यातून संस्थांची कामे उभी राहणार, असे त्या मालमत्तेचे स्वरूप होते. ओढ्याच्या गाळातून निघालेले सोने दुकानदाराच्या गल्ल्यात, तेथून भाड्याच्या पावतीत, पावतीतून विश्वस्तांच्या खात्यात आणि शेवटी गवंड्याच्या हातातील दगडात कसे उतरले, याचा इतका सलग माग जगातील फार थोड्या चर्चच्या बाबतीत लागत असेल.

संत किलियन चर्चचीच कहाणी या शहराच्या भूगर्भाशी बांधलेली आहे. तंबूनंतर तेथे पक्के दगडी चर्च उभारण्यात आले. ते टिकाव धरू शकले नाही, आणि १८८८ मध्ये त्याच्या जागी लाकडी चर्च बांधण्यात आले. शहराच्या भरभराटीच्या काळात दगडाकडून लाकडाकडे जाणे हा प्रगतीचा उलटा प्रवास वाटू शकतो, पण बेंडिगोची जमीन पाहिली म्हणजे दगडाचा भार घालताना येथे किती विचार करावा लागत असेल हे समजते. गाळातील सोने काही वर्षांतच ओसरल्यावर खाणकाम खडकात शिरले होते. येथील खडकांचे थर दाबाने दुमडलेले आहेत आणि घडीच्या माथ्यावर, वाकलेल्या थरांच्या मधल्या पोकळीत, गारेचा म्हणजे क्वार्ट्झचा साठा सोन्यासह जमलेला असतो. घोड्याच्या पाठीवरील खोगिराशी असलेल्या साम्यामुळे त्याला खोगीर-शिरा म्हणतात. अशी एक शीर संपली की तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, असा हा खजिना उभा उतरत जातो आणि खाणमालकही त्याच्यामागे खोल उतरत गेले. जॉर्ज लॅन्सेल यांच्यासारखे लोक त्यातूनच ‘क्वार्ट्झचे राजे’ झाले, आणि व्हिक्टोरिया क्वार्ट्झ या खाणीचा उभा कूप पुढे १,४०० मीटर खोलीपर्यंत गेला. घरे, दुकाने, शाळा आणि चर्च अशा पोखरलेल्या भूमीवर उभी होती. संत किलियनचे ते लाकडी चर्च आजही उभे आहे, आणि कॅथेड्रलच्या भव्यतेपुढे त्याची उपेक्षा होणे हे दोन्ही वास्तूंच्या दृष्टीने अन्यायाचे आहे, कारण दगडी कॅथेड्रलचे साहस किती मोठे होते हे त्या लाकडी चर्चवरूनच कळते.

कॅथलिकांच्या संस्थात्मक आयुष्यात १८७० चे दशक निर्णायक ठरले. १८७४ मध्ये सँडहर्स्ट हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. सँडहर्स्ट हे बेंडिगोचे तेव्हाचे अधिकृत नाव असून, १८९१ मध्ये शहराने जुने लोकप्रिय नाव परत घेतले, तरी धर्मप्रांत आजही सँडहर्स्टच म्हणवला जातो. पहिले बिशप मार्टिन क्रेन हे ऑगस्टिनियन संघाचे आयरिश धर्मगुरू होते. बिशप आले, पण त्यांच्या आसनाला शोभेल असे चर्च बांधण्याची घाई झाली नाही, आणि याचे कारण व्हिक्टोरियाच्या कायद्यांत सापडते. धर्मसंस्थांना मिळणारी सरकारी मदत बंद करणारा कायदा १८७० मध्ये झाला आणि १८७५ अखेर ती मदत थांबली. १८७२ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. धर्मशिक्षणाशिवायची शाळा कॅथलिक धर्माधिकाऱ्यांना मान्य नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या शाळा स्वतःच्या पैशाने चालवण्याचे ठरवले. १८७६ मध्ये क्रेन यांच्या पुढाकाराने सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या जोगिणी आयर्लंडहून बेंडिगोत आल्या आणि अध्यापन व सेवेच्या कामाला लागल्या. खाणकामगाराच्या खिशातून येणारा शिलिंग आधी वर्गखोलीकडे वळला. कॅथेड्रल उशिरा बांधले गेले याचा उल्लेख काही वेळा उणिवेसारखा केला जातो. पण ज्या समाजाने सरकारी मदत गेल्यावर मुलांच्या शाळांना अग्रक्रम दिला, त्याच्या निवडीची खूण म्हणूनच तो उशीर वाचला पाहिजे.

बांधकाम अखेर सुरू झाले तेही अशा काळात, की मेलबर्नमध्ये कोणी मोठ्या इमारतीचे नावही काढत नव्हते. १८९० च्या दशकारंभी जमिनींच्या सट्ट्याचा फुगा फुटून १८९३ मध्ये तेथील बँका धडाधड बंद पडल्या होत्या. बेंडिगोला मात्र खोल खाणींतील सोन्याने तारले. मंदीच्या काळात सोन्याचे मोल वधारते आणि भांडवल खाणींकडे वळते, त्याचा लाभ शहराला झाला. दुसरे बिशप होऊ घातलेले स्टीफन रेव्हिल यांनी बॅकहाउस यांच्या मालमत्तेच्या आधारावर कॅथेड्रलचे काम हाती घेतले. आराखडा विल्यम टॅपिन यांचा होता. ते मेलबर्नच्या रीड, स्मार्ट अँड टॅपिन या वास्तुविशारद संस्थेचे भागीदार होते. याच संस्थेचे मूळ पुरुष जोसेफ रीड यांनी मेलबर्नचे राज्य ग्रंथालय आणि १८८० चे रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग घडवले होते. टॅपिन यांनी निवडलेली शैली गॉथिक पुनरुज्जीवनाची. मध्ययुगीन युरोपातील टोकदार कमानी, उंच खिडक्या आणि आकाशाकडे झेपावणारे मनोरे यांना एकोणिसाव्या शतकात, विशेषतः इंग्लंडमध्ये, श्रद्धेची खरी वास्तुभाषा म्हणून जे नवे जीवन मिळाले, त्या चळवळीचे हे नाव. मेलबर्नमध्ये विल्यम वॉर्डेल यांनी १८५८ मध्ये आखलेले सेंट पॅट्रिक कॅथेड्रल १८९७ मध्ये अभिषिक्त झाले. बेंडिगोच्या कॅथलिकांसमोर आदर्श होता तो हा.

अशा चर्चचा आराखडा बहुधा क्रूसाच्या आकाराचा असतो. उपासकांचे लांब मुख्य दालन हा क्रूसाचा दांडा, दोन बाजूंच्या भुजा हा आडवा खांब, आणि त्यापलीकडे वेदीचा भाग. बेंडिगोत पहिल्या टप्प्यात मुख्य दालन आणि दर्शनी बाजू बांधली गेली आणि १९०१ मध्ये चर्च उपासनेसाठी खुले झाले. या दालनात उभे राहून वर पाहिले, की दगडी भिंतींवर टेकलेले लाकडी छत दिसते आणि त्याच्या कमानींवर कोरलेले लाकडी देवदूत दिसतात. दगडी छताचा भार टाळून लाकडाने साधलेली ही उंची सुमारे २४ मीटर आहे. कोरीव कामातील सफाई आणि छताच्या तुळयांची सरळ मांडणी यांतून हे काम घाईने उरकलेले नाही, हे सहज लक्षात येते.

याच वर्षांत त्या छताखाली गुडघे टेकणाऱ्या माणसांच्या छातीत काय चालले होते, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. खोल खाणींत हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल यंत्रे आली आणि त्यांनी उडवलेली गारेची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठू लागली. खाणकामगारांचा क्षय म्हणून ओळखला जाणारा हा आजार बेंडिगोत इतका बळावला, की डॉ. वॉल्टर समन्स यांनी खाणींतील हवा आणि हा आजार यांची पाहणी करून १९०७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कॅथेड्रलचा पहिला टप्पा आणि धुळीने गेलेल्या माणसांची ही पिढी एकाच काळातली आहे. बॅकहाउस यांच्या मालमत्तेने पाया घातला हे खरे, पण रविवारच्या दानपेटीत पडणारी नाणी खोकणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या विधवांची होती, आणि चर्चच्या मूल्यनिर्धारणात वास्तुविशारदाच्या नावाइतकीच त्यांचीही नोंद असायला हवी.

१९०८ मध्ये काम थांबले. आडव्या भुजा, वेदीचा भाग आणि मनोरा कागदावरच राहिले आणि शहराला पुढे जवळजवळ अर्धे शतक अपूर्ण कॅथेड्रलची सवय झाली. पहिले महायुद्ध, सोन्याच्या बांधलेल्या किमती आणि वाढता खर्च यांनी एकेक खाण गाशा गुंडाळत गेली; १९३० च्या दशकात किंमत चढल्यावर थोडी धुगधुगी आली, पण सेंट्रल डेबोरा ही जुन्या युगातील शेवटची खाण १९५४ मध्ये बंद झाली. १८५१ पासून तोवर बेंडिगोच्या भूमीने सुमारे २ कोटी २० लाख औंस, म्हणजे जवळजवळ ६८० टन, सोने दिले होते. आणि नेमक्या त्याच वर्षी, बिशप बर्नार्ड स्ट्युअर्ट यांच्या कारकिर्दीत, कॅथेड्रलचे अडलेले काम पुन्हा सुरू झाले. या योगायोगात फार अर्थ शोधू नये असे कोणी म्हणेल, पण इतिहासकाराने तो नजरेआड करणेही बरोबर नाही. कित्येक खाणगावे खाणीबरोबर ओस पडली. बेंडिगोने मात्र खाण मिटल्यावर आपले अर्धवट चर्च पूर्ण करायला घेतले. शहर आता शेतीमालाच्या बाजारपेठेवर, रेल्वेच्या कारखान्यावर, शाळा-रुग्णालयांवर आणि युद्धोत्तर काळात वाढलेल्या वस्तीवर जगत होते, आणि सोन्याशिवायही आपण येथेच राहणार आहोत, हे सांगण्याचे याहून ठाम साधन त्याच्याकडे नव्हते.

दुसरा टप्पा पूर्ण करणारी संस्था पहिल्या टप्प्याचीच वारसदार होती. रीड, स्मार्ट अँड टॅपिन ही संस्था भागीदार बदलत बदलत बेट्स, स्मार्ट अँड मकचन या नावाने विसाव्या शतकाच्या मध्यात ऑस्ट्रेलियातील आधुनिक वास्तुकलेच्या अग्रभागी आली होती. १९५८ मध्ये तिने मेलबर्नमध्ये पूर्ण केलेली आयसीआय हाउस ही इमारत म्हणजे काचेच्या भिंतींची उंच, सडपातळ पेटी होती आणि आधुनिक ऑस्ट्रेलियाचे प्रतीक म्हणून ती गाजली. एकाच संस्थेच्या रेखाटन-टेबलांवर, एकाच दशकात, एकीकडे अलंकरणाविना काच आणि पोलाद यांची रचना आकारत होती आणि दुसरीकडे टोकदार कमानी, दगडी जाळ्या आणि कळसाची निमुळती शिळा काटेकोरपणे आखली जात होती. कॅथलिक धर्मसंस्थाही दरम्यान बदलली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषा आणली आणि धर्मगुरूने वेदीपाशी लोकांकडे तोंड करून उभे राहण्याची प्रथा जगभर रुजली. लॅटिन मिस्सेसाठी कल्पिलेल्या वास्तूचा उत्तरार्ध नव्या उपासनेच्या काळात पूर्ण होत होता. तरीही बांधणाऱ्यांनी टॅपिन यांच्या संकल्पनेशी इमान राखले, आणि १९७७ मध्ये मनोऱ्याचे काम संपून कॅथेड्रल पूर्ण झाले. पूर्ण झालेल्या वास्तूची लांबी सुमारे ७५ मीटर आहे.

येथेच वारसामूल्याचा कळीचा प्रश्न उभा राहतो. जो भाग १८९६ ते १९०८ मध्ये बांधला गेला तो अस्सल, आणि जो १९५४ नंतर बांधला गेला तो जुन्याची नक्कल, असा निवाडा करणे सोपे आहे आणि वास्तुकलेच्या अभ्यासकांनी अशा इमारतींबाबत तो वारंवार केलाही आहे. ज्या काळात प्रामाणिक वास्तुविशारदाने आपल्या युगाची सामग्री वापरावी असे मानले जात होते, त्या काळात गॉथिक कळस चढवणे त्यांना मागासलेपणाचे वाटले. हा निवाडा टिकत नाही. ऑस्ट्रेलियात वारसास्थळांचे मूल्य ठरवण्याची सर्वमान्य चौकट म्हणजे बर्रा सनद. आंतरराष्ट्रीय स्मारक व स्थळ परिषदेच्या ऑस्ट्रेलियन शाखेने ती १९७९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील बर्रा या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावी स्वीकारली आणि नंतर वेळोवेळी सुधारली. स्थळाचे सांस्कृतिक महत्त्व त्याच्या सौंदर्यात, इतिहासात, त्यातून मिळणाऱ्या ज्ञानात, समाजाच्या त्याच्याशी असलेल्या नात्यात आणि आध्यात्मिक अर्थात असते, असे ती मानते. आणि स्थळाच्या आयुष्यातील प्रत्येक काळाच्या योगदानाचा मान राखावा, एका काळाला उठाव देण्यासाठी दुसरा पुसू नये, असा तिचा आग्रह आहे. या कसोटीवर १९५४ ते १९७७ चे काम ही नक्कल ठरत नाही. ते एका लांबलेल्या संकल्पाची पूर्तता आहे, आणि मूळ आराखडा, मूळ संस्थेची परंपरा व मूळ जागा यांचा धागा त्यात तुटलेला नाही. मेलबर्नच्या सेंट पॅट्रिकचे मनोरेही १९३९ मध्येच पूर्ण झाले आणि युरोपात कोलोनचे कॅथेड्रल तेराव्या शतकात सुरू होऊन १८८० मध्ये संपले. त्यांना कोणी अर्धे अस्सल म्हणत नाही.

मूल्यनिर्धारणाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. कॅथेड्रल एकटे पाहिले तर ते युरोपीय ख्रिस्ती शहराचे विजयचिन्ह दिसते, आणि तसे पाहणे म्हणजे शहराचा अर्धा इतिहास झाकणे होय. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने चिनी प्रवाशांवर माणशी १० पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी लोक दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर पायी सुवर्णक्षेत्रांवर आले. त्यांनी बेंडिगोच्या इमू पॉइंट येथे हाताने पाडलेल्या विटांचे, लाल रंगाचे लहानसे मंदिर बांधले, आणि १८७१ पासून भरणाऱ्या ईस्टर जत्रेत पुढे मिरवणुकीसह सहभागी होऊन शहराच्या रुग्णालयासाठी निधी उभारायला हात दिला. ते मंदिर आणि हे कॅथेड्रल एकाच समाजाची दोन देवालये आहेत. त्यांच्या आकारातील तफावत कोणाला जमीन, मतदान आणि वारसा ठेवण्याचा हक्क होता व कोणाला नव्हता, हेच दाखवते. आणि या दोहोंच्या आधीचे जा जा वुरुंग लोक अद्याप येथे आहेत. २०१३ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने त्यांच्याशी करार करून या भूमीचे पारंपरिक मालक म्हणून त्यांना मान्यता दिली.

तिसरी बाजू वेदनेची आहे, आणि ती टाळून सुवर्णक्षेत्रातील कॅथलिक वास्तूंबद्दल आज प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात चर्चच्या इतिहासातील भयंकर प्रकरणे उघड केली. शेजारच्या बॅलरॅटमध्ये २०१५ साली लोकांनी चर्च आणि शाळांच्या कुंपणांना रंगीत फिती बांधून पीडितांना साथ दिली, आणि ती पद्धत इतरत्र पसरली. स्थळाचे सामाजिक मूल्य म्हणजे केवळ प्रेम आणि अभिमान नव्हे. विश्वासघाताची आठवणही त्याच स्थळाला चिकटलेली असते, आणि संवर्धनाच्या कागदपत्रांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले नाही, तर ते कागद अपुरे राहतात.

जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाची सुवर्णक्षेत्रे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांसाठीच्या आपल्या प्राथमिक यादीत नोंदवली. प्राथमिक यादी ही उमेदवारीची पहिली पायरी. पुढे प्रत्येक स्थळाच्या महत्त्वाचे सविस्तर निवेदन लिहावे लागते. बेंडिगोच्या वास्तूंविषयी असे निवेदन लिहिले जाईल तेव्हा पॉल मॉल रस्त्यावरील दिमाखदार सरकारी इमारती, खाणींचे मनोरे आणि कॅथेड्रल यांची गणना सुवर्णवैभवाच्या एका सलग यादीत करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. कॅथेड्रलला मात्र त्या यादीत वेगळी जागा लागते. त्याचा पूर्वार्ध सोन्याने बांधला आणि उत्तरार्ध सोन्यावाचून. दोन्ही भागांचा आराखडा, विश्वस्तांचे हिशेब आणि बांधकामाची कागदपत्रे एकत्र ठेवून अभ्यासली, तरच खाणीचे गाव शहर कसे झाले, हे तपशिलाने कळेल. दुसऱ्या टप्प्याचे दगडकामही आता सत्तर वर्षांचे होत आले आहे आणि त्याच्या दुरुस्तीचे निर्णय यापुढच्या काळात घ्यावे लागतील. ते घेताना १९०१ च्या दालनातील लाकडी देवदूतांना जी काळजी मिळते, तीच १९५४ नंतरच्या भुजांना आणि १९७७ च्या कळसालाही मिळाली पाहिजे, आणि संत किलियनच्या लाकडी भिंतींची निगा त्याच योजनेत, त्याच अंदाजपत्रकातून राखली गेली पाहिजे.